एका रविवारी एकच जागा

ठाणे, रविवार रात्र

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दुपारीच वाचला. उत्तर मोबाइलवर मावणार नाही, म्हणून सावकाश कागदावर लिहिते आहे.

महिन्यातला एक रविवार तुझ्या हाताशी असतो, आईला आणि भाच्याला घेऊन कुठेतरी जायचं आहे, मॉल नको आहे, आणि चित्रांचा क्लास परत लावावा का, असं तू विचारलंस. सोबत यादीही पाठवलीस. सकाळी ऐरोलीची खाडी, दुपारी ओवळ्याची फुलपाखरं, संध्याकाळी खारघरचं सेंट्रल पार्क, वेळ उरला तर एखादी कार्यशाळा. जागा सगळ्या चांगल्या निवडल्या आहेस, पण त्या एका दिवसात बघू नकोस. एका रविवारी एकच जागा, आणि तिथेही एकच गोष्ट. मला मुख्य सांगायचं आहे ते एवढंच.

याला एक साधं कारण आहे. प्रत्येक जागेची आपली वेळ असते. खाडी भरती-ओहोटीवर चालते. फुलपाखरांना ऊन लागतं, अंग तापल्याशिवाय ती नीट उडत नाहीत, म्हणून भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. आणि घोडबंदर रोडवर गाडी अडकली की ना खाडीची वेळ सापडते ना फुलपाखरांची. मग दिवसभर घड्याळच बघणं होतं.

ऐरोलीपासून सुरुवात कर. रोज लोकलने खाडी ओलांडून ऑफिसला जातेस, पण ती खाडी जवळून पाहिली आहेस का? तिथे वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं. ठाणे खाडीचा जवळजवळ १,७०० हेक्टरचा पट्टा २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत असतात. बोट पाण्याची पातळी बघून सोडतात, त्यामुळे आधी चौकशी करून बुकिंग कर. सोमवारी केंद्र बंद असतं.

बोटीतून फ्लेमिंगो जरूर बघा. मान खाली घालून, चोच उलटी करून तो पाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ खातो, हे भाच्याला दाखव. त्याचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पण चित्र फ्लेमिंगोचं काढू नकोस. हलत्या बोटीतून दूरचा पक्षी काढणं सरावलेल्या हातालाही अवघड जातं, तुला नाहक वाटेल की आपला हात गेला. चित्र काढ तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाचं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती मुळं बघ. भरतीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर पाठवतं. पानावर हलकेच बोट फिरव, मिठाची कणी हाताला लागेल. शोषलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. पान मात्र तोडू नकोस. आणि भाच्याला चिखलाकडे बघत बसू दे. एकच नांगी भली मोठी असलेला खेकडा दिसला तर तो नर, मादीच्या दोन्ही नांग्या लहान असतात. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, चिखलावर उड्या मारताना दिसल्या तर मुलाला तिथून उठवणं कठीण जाईल, उठवूही नकोस.

चित्र काढायची माझी पद्धत तुला आठवत असेल, तरी परत लिहिते. पहिला अर्धा तास पेन्सिल आणि मोबाइल दोन्ही पिशवीत. नुसतं बघायचं. मग एक डोळा मिटून, हात ताणून पेन्सिलीने मापं घ्यायची. आधी मोठे आकार, मग मधल्या रिकाम्या जागा. तिवराच्या मुळांमधली रिकामी जागा नीट उतरली की मुळं आपोआप उतरतात. रंग सोबत नसतील तर कडेला शब्दांत लिही: राखाडीत हिरवट, ओल्या जागी काळपट. घरी येऊन रंगवताना फोटोपेक्षा ते शब्द जास्त कामाला येतील, कारण फोटोत काय आलं ते कॅमेऱ्याने ठरवलेलं असतं आणि शब्द तू स्वतः निवडलेले असतात.

ओवळ्याची फुलपाखरू बाग दुसऱ्या रविवारी. ती रोज उघडी नसते, आधी विचारून घे. तिथे लोक फुलांवरच्या फुलपाखरांमागे कॅमेरे घेऊन फिरतात. तू पानांकडे बघ. फुलपाखरू मध कुठेही पिईल, पण अंडी ठरावीक झाडावरच घालतं. रुईवर एक जात, लिंबावर आणि कढीपत्त्यावर दुसऱ्या. आपली राणी पाकोळी, म्हणजे २०१५मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेली काळी-निळी मोठी, तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. आईला हे आवडेल. तिच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली तर ती झटकू नका, तो वाचण्यासाठी घेतलेला वेष असतो. चार पानं जातील. जाऊ देत.

खारघरचं सेंट्रल पार्क ८० हेक्टरांचं आहे, पाय मोकळे करायला उत्तम. नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, भाचा खूश होईल. चित्रासाठी मात्र मी तुला तिथे पाठवणार नाही. समोर खरी वस्तू मिळत असताना नकलेची नक्कल कशाला?

आता संग्रहालयं. मुंबईसारखं मोठं वस्तुसंग्रहालय आपल्याकडे नाही म्हणून तू हळहळलीस. पण तू राहतेस ते श्रीस्थानक आहे, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. १७८७मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, खोदकाम करताना अरिकेसरी या शिलाहार राजाचे ताम्रपट सापडले, शके ९३९चे. रोज रिक्षाने ज्या भिंतीवरून जातेस तिच्या आत हे मिळालं. हे एकदा मनात ठेव आणि मग अंबरनाथच्या शिवमंदिराला जा.

अंबरनाथवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते आपल्या भागातलं ते सगळ्यात मोठं संग्रहालय आहे, आणि त्याला तिकीट नाही, काच नाही. देऊळ शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं, मुम्मुणी राजाच्या काळातलं. आपलाच काळा दगड. बाहेरची भिंत सपाट नाही, ती सारखी कोन घेत आत-बाहेर वळते, त्यामुळे उन्हाची सावली दर हातभर अंतरावर बदलते. मूर्तींचे चेहरे पावसाने झिजले आहेत. त्याची खंत करू नकोस. चेहरा गेला की नजर आपोआप उभं राहण्याच्या ढबीकडे जाते: कमरेचा बाक, कुठल्या पायावर भार आहे, हात कुठे टेकला आहे. फिगर ड्रॉइंग शिकायला यापेक्षा चांगला धडा नाही. सकाळचं तिरकं ऊन ज्या भिंतीवर पडतं तिच्यासमोर बस, एकच मूर्ती निवड आणि फक्त तीन छटांत काढ: कागदाचा पांढरा, मधली, गडद. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आईला हात दे. ते जागतं देऊळ आहे, पूजा चालते, म्हणून वाटेत मांडी घालून बसू नकोस. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळ.

त्यानंतर एखाद्या रविवारी भायखळ्याला जा. १८७२मध्ये सुरू झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारीच राणीची बाग. दोन्ही बुधवारी बंद. संग्रहालय आणि बाग एकाच ठिकाणी मिळत असले तरी नियम तोच: आईने बागेतल्या झाडाखाली बसावं, भाच्याने प्राणी बघावेत, तू आत जा. तिथे वेगवेगळ्या व्यवसायांच्या आणि समाजांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. पगड्या आणि नेसण्याच्या तऱ्हा बघ, बोटभर आकारात वस्त्राची घडी कशी दाखवली आहे ते बघ. बाहेर दगडी हत्ती आहे, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला आणि पुढे जोडून इथे उभा केला. सांधे शोध, सापडतील. आणि ज्यांचं नाव संग्रहालयाला आहे त्या भाऊ दाजींनी अंबरनाथच्या शिलालेखाचाही अभ्यास केला होता. म्हणून म्हणते, आधी अंबरनाथ, मग भायखळा.

कुठल्याही संग्रहालयात पाटी वाचताना वस्तू कुठल्या शतकातली हे बघण्याआधी ती कुठे सापडली ते वाच. आपल्या परिसराचं नाव दिसलं की तिथे थांब. पेन्सिल बहुतेक ठिकाणी चालते, शाई आणि रंग चालत नाहीत. तरी पहारेकऱ्याला आधी विचार, दोन शब्द बोल. त्यांना दालनातला उजेड कधी कुठे पडतो ते नेमकं ठाऊक असतं.

राहिला क्लास. लाव. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळची तुझी वस्तुचित्रं मला आठवतात. दहावीच्या गुणांसाठी परीक्षा दिलीस आणि वही बंद झाली, तुझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचं तेच झालं. हात कुठे जात नाही, दोनेक महिन्यांत परत येतो. फक्त क्लास निवडताना पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसायची परवानगी माग. विद्यार्थ्यांसमोर खरी वस्तू आहे की मोबाइलवरचा फोटो, ते बघ. सर किंवा बाई चूक दाखवताना विद्यार्थ्याच्या चित्रावरच हात चालवतात की कडेला छोटं काढून दाखवतात, तेही बघ. कडेला काढणारे शिक्षक निवड. दोन तासांत कॅनव्हास रंगवून घरी न्यायच्या कार्यशाळा मला पटत नाहीत. तिथे सगळ्यांचा सूर्य एकाच कोपऱ्यात मावळतो. आईसोबत गंमत म्हणून जायचं असेल तर जा, त्याला शिकणं समजू नकोस.

वारलीची कार्यशाळा असेल तर आधी विचार, शिकवणार कोण? शक्यतो वारली कलाकारच असावा. डहाणू-जव्हारचा तो मुलूख २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता आणि येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं आजही राहतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायचा तो सवाशिणींनी, आणि त्यात वारलींची पालघाट देवी बसते. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं कागदावर आणि जगभर गेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढणं भाच्यालाही पाच मिनिटांत जमेल. पण चौक हा कपबशीवर छापायचा नक्षीचा तुकडा नाही, हे शिकवणाऱ्याकडूनच त्याच्या कानावर पडलं पाहिजे. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शनं भरतात तेव्हा कारागीर स्वतः बसलेले असतात. गर्दी वाढायच्या आत गेलीस तर ते निवांत बोलतात.

सामान फार घेऊ नकोस. अर्ध्या आकाराचं ड्रॉइंग पॅड, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर, टोक करायला ब्लेड. आईसाठी घडीची खुर्ची, पाणी, डबा. भाच्यालाही स्वतःची वही दे आणि त्याने काय काढावं ते सांगू नकोस.

पाऊस असेल तेव्हा मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन शिलाहारांवर काही वाचून ठेव. १८९३पासूनची संस्था आहे, आपल्या हाकेच्या अंतरावर.

अंबरनाथचा दिवस ठरला की मला कळव. गुडघे साथ देतील तर मीही येईन. आणि तिवराचं चित्र झालं की फोटो पाठवू नकोस, पॅड घेऊन घरी ये. छटा कागदावरच बघायच्या असतात.

तुझ्या बाई