वहीचा तिसरा रकाना

पत्र थोडक्यात असं: "मुलगी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं कोरियन शिकतेय, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी पास झाली. आता रोज रात्री एक वही घेऊन बसते. डावीकडे इंग्रजीतले दवाखान्याचे शब्द, उजवीकडे कोरियन. म्हणते, इंग्रजी शब्द तर रोजचेच आहेत, कोरियन तेवढे पाठ केले की मेडिकल इंटरप्रिटर, म्हणजे दवाखान्यातली दुभाषी, होता येईल. एका क्लासने सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचे 45 हजार सांगितलेत. भरावेत का? नर्सिंग सोडून ती याच नादाला लागली तर? घरात सासूबाईंचा खांदा धरलाय, त्यांचं बघू की हिचं, अशी माझी गत आहे. वहीच्या एका पानाचा फोटो जोडतेय. — एक आई, शिरूर"

ताई, नमस्कार.

45 हजार भरू नका. का, ते पुढे सांगतो. आधी वहीच्या पानाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रापेक्षा त्या पानानेच मला जास्त सांगितलं.

अक्षर सुबक आहे, शब्द ओळीत आहेत, मुलगी मन लावून बसते हे दिसतं. पण तिसऱ्या ओळीवर मी अडखळलो. 'फ्रोझन शोल्डर'समोर तिने लिहिलंय 'नेंगदोंग ऑक्के'. शब्द दोन्ही खरे आहेत; नेंगदोंग म्हणजे गोठवलेलं आणि ऑक्के म्हणजे खांदा. फक्त हे नेंगदोंग दुकानातल्या फ्रीजरमध्ये, मांदूच्या पाकिटावर छापलेलं असतं. मांदू म्हणजे त्यांचे मोमो. साठीच्या कोरियन बाईंना हिने हे ऐकवलं तर आपला खांदा कुणी डीप फ्रीजरमध्ये ठेवला, असा प्रश्न त्यांना पडेल. कोरियन माणूस या दुखण्याला 'ओशिपग्यॉन' म्हणतो. ओशिप म्हणजे पन्नास, ग्यॉन म्हणजे खांदा. पन्नाशीच्या आसपास गाठणारं दुखणं, म्हणून पन्नाशीचा खांदा. डॉक्टरांच्या कागदावर याहून लांबलचक नाव असतं, पण बोलताना हेच. आणि तुम्ही पत्रात काय लिहिलंत? सासूबाईंचा खांदा 'धरलाय'. इंग्रजीने तो गोठवला, कोरियनने त्याचं वय सांगितलं, मराठीत तो धरला.

तिचा सगळा घोळ इथेच आहे. इंग्रजी शब्द रोजचे आहेत म्हणून ते सोपे, असं तिला वाटतं. मला उलटं वाटतं. ग्रीक-लॅटिनमधले लांबलचक शब्द भीतीदायक दिसतात, पण ते निदान आपण परके आहोत हे लपवत नाहीत. माणूस शब्दकोश उघडतो. रोजचा शब्द आला की कुणी शब्दकोश उघडत नाही आणि तिथेच फसतो. 'हे फीव्हर'मध्ये ना वाळलेलं गवत असतं ना ताप. 'शॉक' म्हणजे बातमी ऐकून बसलेला धक्का नव्हे; रक्तदाब कोसळून अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याची ती अवस्था आहे. 'ॲक्यूट' म्हणजे गंभीर नव्हे, अचानक सुरू झालेलं. रिपोर्टवर 'अनरिमार्केबल' लिहिलं असेल तर ती चांगली बातमी असते आणि 'पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर बहुतेकदा नसते. 'डिस्चार्ज' तर एकाच केसपेपरवर दोनदा येतो: एकदा जखमेतून, एकदा वॉर्डातून. कोरियनमध्ये या दोहोंना दोन वेगळे शब्द आहेत. घरी सोडणं ते 'त्वेवॉन', अंगातून येणारा स्राव तो 'बुनबिमुल'. वहीत 'डिस्चार्ज'पुढे फक्त त्वेवॉन आहे. जखमेबद्दल विचारताना हा शब्द वापरला तर काय गोंधळ होईल, ते तिलाच ठरवू द्या.

आपला खास गोंधळ वेगळाच. मराठीत 'कफ' म्हणजे छातीतला बेडका आणि इंग्रजीत 'कफ' म्हणजे खोकला. आपल्याकडचे पेशंट, नर्सा आणि डॉक्टरसुद्धा दोन्ही अर्थांनी एकच शब्द बिनदिक्कत वापरतात आणि संदर्भाने निभावून नेतात. कोरियनमध्ये खोकला 'गिछिम' आणि बेडका 'गारे'. तिथे संदर्भ मदतीला येणार नाही.

कोरियन आजारांची नावं एकदा उलगडून बघितली की पाठांतर निम्मं होतं. चिनी मुळाचे छोटे छोटे तुकडे जोडून ती बनतात, आपण संस्कृतातून बनवतो तशीच. 'चिकनपॉक्स'मधली कोंबडी कोरियनमध्ये शोधायला जाऊ नये. तिथे ते 'सुदू' आहे, पाण्याच्या फोडांची देवी म्हणा. डांग्या खोकला म्हणजे 'बेगिल्हे', शंभर दिवसांचा खोकला. मधुमेह 'दांगन्योब्यॉंग': दांग साखर, न्यो लघवी, ब्यॉंग रोग. आपला 'मेह'ही लघवीचाच की! 'स्ट्रोक'ला त्यांचा आजचा शब्द 'न्वेजोल्जुंग', पण जुनी माणसं 'जुंगफुंग' म्हणतात. त्यातलं फुंग म्हणजे वारा. वाऱ्याचा तडाखा बसला. आपल्या 'अर्धांगवायू'त वायू आहे, 'पक्षाघात'मध्ये आघात आहे. जुंगफुंगमध्ये दोन्ही एकत्र आले. ही जोडी हिने एकदा बघितली तर जन्मभर विसरणार नाही. जाता जाता: न्वेजोल्जुंगचं शेवटचं अक्षर तिने चुकवलंय. 'रोगलक्षण' अशा अर्थाचं, दिसायला जवळजवळ तसंच एक अक्षर आहे, ते तिथे आलंय. याची लाज वाटून घेऊ नये, कोरियन लोकही हीच चूक सर्रास करतात.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. स्किझोफ्रेनियापुढे तिने जो शब्द लिहिलाय त्याचा अर्थ 'मन दुभंगल्याचा रोग', म्हणजे हुबेहूब आपली 'छिन्नमनस्कता'. दक्षिण कोरियात 2011 मध्ये हे नाव बदललं, कारण ते ऐकूनच लोक पेशंटपासून चार पावलं दूर सरकत. आता तो आजार 'जोह्यॉनब्यॉंग' आहे. तंतुवाद्याच्या तारा जुळवणं, हा त्यामागचा अर्थ. तारा जुळवता येतात, म्हणजे उपचार होऊ शकतात, असं त्या नावातच आलं. नेटवर मिळणाऱ्या याद्यांमध्ये जुनी नावं तशीच पडून असतात. यादी कुठून घेतली ते तिला विचारा.

आता पानावर काय नाही ते सांगतो. आजारांची नावं चाळीसएक आहेत, दुखण्याचा एकही शब्द नाही. पेशंट आजाराचं नाव सांगत येत नाही, "कसंतरी होतंय" म्हणत येतो. आणि इथे तुमच्या मुलीच्या हातात जे भांडवल आहे, ते इंग्रजी माध्यमातून कोरियन शिकणाऱ्यांकडे नसतं. कोरियन दुखणं आपल्यासारखंच जोडशब्दांत बोलतं. जखम ठसठसते ती 'उक्शिन-उक्शिन'. टोचल्यासारखं, चुरचुरल्यासारखं झालं तर 'त्ताक्कुम-त्ताक्कुम'. छातीत, पोटात जळजळतं ते 'सोक्स्सुरिम', म्हणजे आत चुरचुरणं. इंग्रजी 'हार्टबर्न'सारखा बिचाऱ्या हृदयावर आळ नाही. हातापायाला मुंग्या आल्या तर 'जॉरिदा'. दगदग करून अंग मोडून आलं, कसकस वाटायला लागली, तर 'मोमसाल'. या मोमसालला इंग्रजीत धड एक शब्द नाही, आणि आपल्याकडे 'कसकस' तयार बसलीय. जेवण बाधलं तर 'छेहेस्सॉयो'. कोरियन आजी हे सांगून स्वतःची छाती चोळत बसेल. तेव्हा हिला 'इनडायजेशन' आठवण्यापेक्षा 'बाधलं' आठवू दे, अर्थ जास्त नेमका पोहोचतो.

म्हणून वहीत तिसरा रकाना आखायचा, मराठीचा. आणि तो मधे हवा, शेवटी नको.

उच्चाराचंही थोडं. कोरियनमध्ये 'फाल' म्हणजे हात आणि 'बाल' म्हणजे पाऊल. हा फ ओठ मिटून म्हणायचा, आपली आजी 'फळ' म्हणते तसा. हल्लीची मुलं तो इंग्रजी 'फॅन'सारखा दात लावून फुंकतात. माझ्याकडे पूर्वी येणारा एक मुलगा कारखान्यात दुभाष्याचं काम करायचा. दुखावला होता साहेबांचा हात, याने 'फाल'चं 'बाल' ऐकलं आणि मलम घेऊन वाकला पायाशी. साहेब हसले म्हणून निभावलं. तसंच हाडांचा विभाग 'जॉंगह्यॉंगवेग्वा' आणि प्लास्टिक सर्जरीचा 'सॉंगह्यॉंगवेग्वा'. पहिल्याच अक्षराचा फरक आहे. गुडघ्याच्या पेशंटला नाक सरळ करणाऱ्याकडे पाठवायचं नसेल तर हे दोन शब्द मोठ्याने, रोज, म्हणावेत.

ती वॉर्डात 'आरएल' सलाईनच्या बाटल्या लावत असेल. त्यातला आर म्हणजे रिंगर, सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरांचं नाव. कोरियात सलाईनला सर्रास 'रिंगॉ' म्हणतात, आणि थकवा आला की लोक दवाखान्यात जाऊन रिंगॉ लावून घेतात. शिरूरला "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणतात, तसंच अगदी.

आता करिअरचं. निव्वळ मेडिकल इंटरप्रिटर म्हणून महिन्याचा पगार देणारी जागा पुण्यात शोधत बसू नका. हे काम सुटं सुटं येतं. पण नर्सिंगची पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि वर चांगलं कोरियन, हे तिन्ही एकत्र असलेली माणसं फार थोडी. रांजणगाव, चाकण, तळेगाव हा कोरियन कंपन्यांचा पट्टा तुमच्या दारात आहे. कायद्यानुसार 500 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णोपचार कक्ष ठेवावाच लागतो. तिथे कोरियन येणारी सिस्टर किती उपयोगाची, हे एचआरला वेगळं पटवावं लागणार नाही. मोठ्या रुग्णालयांचे आंतरराष्ट्रीय पेशंटांचे विभाग आहेत, औषध कंपन्यांच्या कागदपत्रांचं भाषांतर आहे. प्रत्यक्ष कोरियात नर्स व्हायचं तर तिथली परवाना परीक्षा कोरियनमध्येच द्यावी लागते, तो लांबचा पल्ला. तेव्हा नर्सिंग सोडायचा प्रश्नच नाही. भाषेला किंमत आहे ती नर्सिंगमुळे.

दुसऱ्या पातळीवर 'मेडिकल कोरियन'चा कोर्स म्हणजे बाराखडी झाली आणि लगेच कायद्याची पुस्तकं हातात दिली. क्लासवाल्यांनी टोपिकची कोणती पातळी मागितली, ते विचारा. मागितलीच नसेल तर उत्तर मिळालं. 45 हजारांऐवजी एक नीट शिक्षक शोधा आणि 'टोपिक दोन'ची, म्हणजे तिसरी ते सहावी पातळी ठरवणाऱ्या वरच्या परीक्षेची, तयारी करू द्या. 300 पैकी 150 गुणांना चौथी पातळी मिळते. तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय शब्दांकडे वळावं. घाईने परीक्षा देऊ नये, प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं. पदवीच्या शेवटच्या वर्षात दिली तर नोकरीच्या अर्जाला ते ताजं राहील.

आणि एक, मालिकांमधून शिकलेली भाषा एकेरी असते. थोरांना 'दुखतंय का' विचारायला कोरियनमध्ये वेगळं, आदराचं क्रियापद आहे. सासऱ्यांना "काय रे, दुखतंय का?" विचारल्यावर घरात जे होईल, तेच तिथे होईल. हे तिला एका वाक्यात कळेल.

या रविवारी ती घरी आली की वही घेऊन तिला आजीजवळ बसवा. खांदा ठणकतो कधी, कळ येते कधी, भरून येतो कधी, रात्री कुशीवर वळताना नेमकं काय होतं, हे आजी सांगेल तसं आजीच्याच शब्दांत मधल्या रकान्यात उतरवायचं. नावं नंतर.