तिलापियाच्या खाद्यात तेल मिसळलं तर मासा लवकर वाढतो का?

वाढतो, पण हद्दीतच. तिलापियाला खाद्यात साधारण 5 ते 12 टक्के स्निग्धांश पुरतो. तेवढ्यात ऊर्जा तेलातून भागते आणि महागडी प्रथिनं मांस घडवायला उरतात. त्यापुढे चरबी आतड्याभोवती आणि यकृतात साठते. काट्यावर वजन दिसतं, पण मासा साफ करताना ते घाणीत जातं! शिवाय ऊर्जेनेच भूक भागल्यामुळे मासा कमी खातो, मग प्रथिनं अपुरी पडतात.

पिशवीवर स्निग्धांश 5 टक्के असेल तर 100 किलो खाद्याला 2 किलो सोयाबीन तेल चोळा. सुमारे 7 टक्के होईल. तिलापियाला लागणारं लिनोलिक आम्लही (तेलातला एक आवश्यक स्निग्ध घटक) त्यातून मिळतं. खवट तेल नकोच, त्याने खाद्यातलं ई जीवनसत्त्व नासतं. भाताचा तेलयुक्त कोंडाही ताजाच वापरा.