आईचा रोल आणि पेगी बाई

प्रश्न : मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं करते. यंदा कंपनीच्या मालकांनी सांगितलं, "बाई, आता तुम्ही आईच्या रोलला." मला अजून चाळिशीही लागली नाही. परवा मोबाईलवर 'अ पॅसेज टू इंडिया' पाहिला. त्यातली मिसेस मूर झालेली म्हातारी कोण? ती तरुणपणी हिरोईन होती का?
— एक वाचक भगिनी, वडसा परिसर

उत्तर : ताई, होती, आणि कशी! त्या पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट. जन्म 1907, लंडनजवळच्या क्रॉयडनचा. बाविसाव्या वर्षी त्या पॉल रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकन नटासमोर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तली डेस्डेमोना, म्हणजे ऑथेल्लोची बायको, झाल्या. साल 1930, तेव्हा गोऱ्या नायिकेनं असं काम करणं लोकांच्या पचनी पडणारं नव्हतं. 1935 मध्ये ज्युलिएट. त्या नाटकात ऑलिव्हिए आणि गिलगुड हे दोघे नामवंत नट रोमिओ आणि मर्क्युशिओची कामं आलटूनपालटून करायचे, ज्युलिएट मात्र एकच.

पण तुम्ही बघायची ती त्यांची 1963 मधली राणी मार्गारेट. शेक्सपिअरच्या चार नाटकांची तीन करून रॉयल शेक्सपिअर कंपनीनं ती बसवली. कोवळी नवरी म्हणून राजाच्या घरात येणारी, पुढे तलवार घेणारी, पोटचा पोरगा डोळ्यांदेखत गमावणारी आणि शेवटी शिव्याशाप देत फिरणारी म्हातारी. एवढं सगळं एकाच बाईनं केलं, वय वर्षं पंचावन्न! नंतर बीबीसीनं ते टीव्हीवरही दाखवलं. आपल्याकडे पंचावन्नच्या बाईला नवरी करा म्हटलं तर मालक आधी पोस्टर छापणाऱ्याचं तोंड बघतील.

मिसेस मूरच्या कामासाठी त्यांना सत्त्याहत्तराव्या वर्षी ऑस्कर मिळालं. सिनेमा आला त्याच 1984 साली 'द ज्युएल इन द क्राउन' या चौदा भागांच्या मालिकेत त्या बार्बी बॅचलर नावाची निवृत्त मिशनरी झाल्या. कुणालाच नकोशी झालेली, अखंड बडबडणारी बाई, आणि शेवटी वाचाच जाते तिची. जमलं तर तीही मिळवून पाहा.

सिनेमातला मशिदीतला प्रसंग आठवतो ना? डॉक्टर अझीझ मिसेस मूरवर ओरडतो, की जोडे काढायला हवे होते. ती म्हणते, काढलेत. आवाज चढत नाही, अपमान झाल्याचा आवही नाही. मी कितीतरी सीझन विंगेत प्रॉम्प्टिंग केलं, म्हणून सांगतो, आपल्या नाटकात आई हे वाक्य पदर डोळ्याला लावूनच म्हणाली असती. आपल्याकडे आईचा रोल म्हणजे दोन हुंदके, एक शाप आणि तिसऱ्या अंकात मरण. हिरोईन पाठ करून येते, आई माझ्या तोंडाकडे बघून वेळ निभावते. दोष बाईंचा नाही. लिहिणाऱ्यानंच तिथं काही ठेवलेलं नसतं.

म्हणून रोल घ्या, पण संहिता आधी मागा. आई मरायच्या आधी काय करते, ते लेखकाला विचारा. एखादा प्रवेश वाढवून द्या म्हणा. झाडीपट्टीतले लेखक जिवंत आहेत, शेक्सपिअरला कुणाला विचारता येत होतं?

आणि नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती, हे दिवाळीच्या आधीच ठरवून घ्या. हिरोईनची नाईट वेगळी, आईची वेगळी, असा हिशेब मालक गुपचूप लावतात. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावोगावची जत्रा, सुरू झाली, की बुकिंगच्या धांदलीत तुमचं कोणी ऐकणार नाही.