सोव्हिएत घरगुती संगणक म्हणजे फक्त 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या नकला होत्या का?

नाही. स्पेक्ट्रमच्या नकला ('लेनिनग्राड', 'पेंटागॉन' वगैरे) फोफावल्या त्या 1980च्या दशकाच्या अखेरीस आणि नंतर. त्याआधीचा 'एलेक्त्रोनिका बीके-0010' बघा. हे 16 बिटांचं यंत्र होतं, तेही घरासाठी! त्याचा प्रोसेसर अमेरिकन डेक कंपनीच्या पीडीपी-11 या मिनीसंगणकाच्या आज्ञा समजायचा, म्हणजे उसनवारी इथेही होतीच. पण स्पेक्ट्रममधल्या झेड-80 प्रोसेसरशी त्याचा संबंध नाही. रॅम 32 किलोबाइट, त्यातली निम्मी पडद्यावरच्या चित्रालाच जायची. प्रोग्रॅमला जास्त जागा हवी असेल तर चित्र पडद्याच्या वरच्या चतुर्थांशात आक्रसून घ्यावं लागे. सुरुवातीच्या मॉडेलवर बेसिकऐवजी फोकल ही प्रोग्रॅमिंगची भाषा होती. प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही.

माझ्या मते खरी गंमत मात्र 'रादिओ-86आरके'ची. 1986 मध्ये 'रादिओ' मासिकाने त्याचा आराखडाच छापला. 29 चिप जमवा आणि स्वतः डाग देऊन जोडा! त्याचा प्रोसेसर इंटेल 8080 ची सोव्हिएत आवृत्ती. चिप मिळवणं हेच मोठं काम होतं. ग्राफिक्स जवळपास नाहीच, सगळे खेळ अक्षरं आणि चिन्हं वापरून.

हाताळून बघायचं असेल तर दोन्हींचे एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम) आहेत. बीकेपासून सुरुवात करा.