मुलाला ‘दैवी देणगी’, आईच्या जिवाला घोर: तक्रार कुठे करायची?

प्रश्न: आजोबा गेल्यापासून माझ्या 10 वर्षांच्या मुलाला रात्री त्यांचा आवाज ऐकू येतो. बालमानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या. पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘तुला दैवी देणगी आहे, आजोबाच बोलतात’ असं त्याला सांगितलं, पूर्वजन्माची सत्रं घेतली आणि ‘गोळ्यांनी शक्ती दबते, बंद करा’ असा मला मेसेज केला. मी गोळ्या थांबवल्या. आता तो एकटा झोपतच नाही.

उत्तर: ताई, आधी डॉक्टर गाठा. थांबवलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा पूर्ण मात्रेत सुरू करू नका. मुलाची आजची अवस्था आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. पुढे सगळी भिस्त या कागदावर आहे.

आत्म्यांवर विश्वास ठेवणं किंवा तसं बोलणं हा गुन्हा नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या कृत्यांच्या यादीत) बसणारी कृती लागते. उपचार रोखण्याचं कलम त्यात आहे, पण त्याला भुताखेतांची भीती घातल्याची जोड हवी. तुमच्या बाई तर गोड बोलल्या. तिखटमीठ लावून ‘धमकावलं’ असं लिहिलंत, तर उलटतपासणीत तोच मेसेज तुमच्यावर उलटेल.

खरा मार्ग ग्राहक आयोगाचा. जिल्हा आयोगात 2 वर्षांच्या आत सेवेतील त्रुटीची तक्रार करा. दिलेली फी 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. फीच्या पावत्या जोडा. मेसेज पुसू नका, फोन विकू नका: नुसत्या स्क्रीनशॉटवर हरकत येते, म्हणून मेसेजची प्रत याच फोनमधली आहे असं सांगणारं, 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडा. तक्रारीआधी बाईंना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवून मुलाची फाइल, चाचण्यांचे अहवाल आणि सत्रांच्या नोंदी मागा. उत्तर आलं नाही तर तेही आयोगापुढे मांडता येतं.

पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीत नाव शोधा. सापडलं तर परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार करा. नसेल, तर नोंदणीविना व्यवसायाला परिषदेच्या 1992 च्या कायद्यात 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे. (एवढी तर एका सत्राची फी असते!) नुसत्या ‘समुपदेशक’ पाटीवर मात्र ही परिषद फारसं काही करू शकत नाही.

आणि मुलाची घरी उलटतपासणी नको. ‘बाई आजोबांबद्दल काय म्हणाल्या?’ असं रोज विचारलं की मूल तुम्हाला हवं ते सांगू लागतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच पकडतो. आपणहून बोलला तर त्याचेच शब्द तारखेसह वहीत उतरवा; बाकी विचारपूस डॉक्टरांना करू द्या.