केमिस्ट्रीची धास्ती घेतलीय आणि जायचंय फार्मसीला

पत्र: आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगी एमपी बोर्डातून, हिंदी मीडियमने दहावी झाली, ७८ टक्के. आता सीबीएसईच्या शाळेत इंग्लिश मीडियमने अकरावी बायो घेतेय. फार्मसी करायची म्हणते, जमलं तर नीटही देईन म्हणते, पण केमिस्ट्रीचं नाव काढलं की चेहरा पडतो. दहावीत सगळ्या इक्वेशन्स पाठ करून गेली होती. भंवरकुआंचे कोचिंगवाले म्हणतात आत्ताच बॅच लावा, नाहीतर मागे पडेल. मी कॉमर्सची, मला यातलं काही कळत नाही. सुट्ट्यांत तिच्याकडून काय करून घेऊ?

उत्तर:

ताई, आधी कोचिंगचं बोलून टाकते, कारण फीची तारीख जवळ असेल तर पुढचं तुम्ही घाईघाईत वाचाल. आत्ता लावू नका. कोचिंग वाईट असतं म्हणून नाही, पण तिथे सर पहिल्या दिवसापासून असं धरून चालतात की दहावीचं सगळं पक्कं आहे, आणि तुमच्या मुलीचं नेमकं तेच कच्चं आहे, मग ती मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेत राहील आणि दिवाळीपर्यंत तुम्हाला वाटेल की मुलगी अभ्यास करतेय.

तुम्ही कॉमर्सच्या असलात तरी एक गोष्ट तपासू शकता. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापवला की सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तिला विचारा, ८.४ ग्रॅम सोडा पूर्ण तापवला तर कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम मिळेल? अणूंची वस्तुमानं पुस्तकात बघू द्या, वेळही लागेल तेवढा द्या. उत्तर २.२ ग्रॅम आहे. ४.४ आलं तर मोल (कण मोजायचं एकक, खाली सांगतेच) काढता येतोय पण इक्वेशन बॅलन्स केलेली नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे केलेले नाहीत, कारण सोड्याचे दोन मोल जातात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा एक मिळतो आणि तो दोन तिने सोडून दिला. काहीच आलं नाही, नुसतं "हे आम्हाला शिकवलं नाही" आलं, तरी घाबरू नका, खरंच फारसं शिकवलेलं नसतं. पण मग सुट्टीत काय करायचं ते ठरलंच.

ते म्हणजे मोल. अकरावीच्या एनसीईआरटीचा पहिला धडा हाच आहे आणि पुढचं जवळपास सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, हे सगळी मुलं धडाधड म्हणून दाखवतात, पण १८ ग्रॅम पाण्यात तेवढे रेणू असतात तर ९ ग्रॅममध्ये किती, आणि त्यात हायड्रोजनचे अणू किती, इथे गाडी अडते (तीन मोल पाण्याचं वजन विचारा, ५४ ग्रॅम पटकन आलं पाहिजे). धडा सोडवलेल्या उदाहरणांसकट, उत्तर हाताने झाकून, वहीत लिहून करायचा. व्हिडिओ बघून मान डोलावणं म्हणजे करणं नव्हे, हे तिला प्रेमाने सांगा, पण सांगा.

त्याच्या जोडीला दहावीचं दोनच गोष्टींपुरतं उकरायचं. व्हॅलेन्सी, म्हणजे कोणता अणू किती बंध जोडतो, आणि नेहमीचे आयन, म्हणजे चार्ज असलेले कण: सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम, कोणावर किती चार्ज, हे मात्र पाठच करायचं, इथे रट्टा मारण्यात काही गैर नाही. दुसरं इक्वेशन बॅलन्स करणं, पाठ केलेली नाही, नवी, कधी न पाहिलेली. मुलं काय करतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी होतं तिथे ऑक्सिजन जुळत नाही म्हणून पाण्याच्या सूत्रातच एकाचे दोन ऑक्सिजन करून टाकतात, कागदावर छान जुळतं, फक्त ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आकडा सूत्राच्या पुढे लावायचा, आत हात घालायचा नाही.

मीडियमचं म्हणाल तर एनसीईआरटीची पुस्तकं हिंदी-इंग्लिश दोन्हींत आहेत आणि साइटवर फुकट मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचू दे, पहिले दोन महिने जड जाईल मग सुटेल. नीटचा पेपर तर हिंदीतही देता येतो. उत्तरं मात्र पहिल्या दिवसापासून इंग्लिशमध्येच लिहू दे, मोडकी असली तरी चालतील.

शाळा सुरू झाली की अकरावीत नऊ धडे आहेत. बाँडिंग, पिरियॉडिक टेबल वगैरे वाचून समजून निघतात, त्यांचं मला फार वाटत नाही. अडवतात थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि कामाचा हिशोब) आणि इक्विलिब्रियम (दोन्ही दिशांनी चालणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा समतोल). थर्मोडायनॅमिक्समध्ये एक गंमत आहे जी कोणी वेळेवर सांगत नाही, केमिस्ट्रीच्या पुस्तकात सिस्टिमवर केलेलं काम प्लस धरतात आणि फिजिक्सच्या पुस्तकात सिस्टिमने केलेलं काम प्लस धरतात, एकाच आठवड्यात दोन्ही सर शिकवत असतील तर मूल स्वतःलाच मठ्ठ समजायला लागतं. तिला आधीच सांगून ठेवा की दोन्ही बरोबर आहेत. आणि इक्विलिब्रियमला लॉग लागतो. बोर्डात कॅल्क्युलेटर नाही, नीटमध्येही नाही, त्यामुळे लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१ तोंडावर हवेत, मग ०.००२ मोलर (एका लिटरमध्ये इतके मोल) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा पीएच (आम्लपणाचं माप) ३ वजा ०.३ म्हणजे २.७ हे दोन ओळींत निघतं. बायोच्या मुली गणित सुटलं म्हणून खूश असतात, तेवढ्या या कोपऱ्यात सुटत नाही बाई.

ऑर्गॅनिक, म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री, शेवटी येतं आणि मार्चच्या घाईत उरकलं जातं. तुमच्या मुलीला फार्मसी करायचीय ना, मग तिच्यासाठी तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा, औषधं बहुतेक त्याच घराण्यातली. आणि तिथेही मोल पाठ सोडत नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून अ‍ॅस्पिरिन करतात, १३८ ग्रॅमपासून जास्तीत जास्त १८० ग्रॅम मिळू शकतं, आणि प्रत्यक्षात किती मिळालं याची टक्केवारी काढायची असते.

प्रॅक्टिकल ३० मार्कांचं आहे, थिअरी ७०. टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब घालून त्याची तीव्रता काढणं) मैत्रिणीच्या रीडिंगवरून उतरवून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे, तिला तसं करू देऊ नका. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ३.१५ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटरपर्यंत पाणी केलं की ०.१ मोलर होतं, हे तिने स्वतः तोलावं. पिपेटच्या टोकाला राहिलेला शेवटचा थेंब फुंकून पाडायचा नसतो, आणि फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरचा रंग अगदी फिकट गुलाबी आला की थांबायचं. गडद गुलाबी आला म्हणजे पुढे गेलात, पुन्हा करा. व्हायव्हात हेच विचारतात.

पुढच्या वाटेचं थोडक्यात. नीटमध्ये १८० पैकी ४५ प्रश्न केमिस्ट्रीचे, ७२० पैकी १८० मार्क, म्हणजे ती टाळून डॉक्टर होता येत नाही. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायो चालतं, इंदूरमध्येच एसजीएसआयटीएस कॉलेज आणि देवी अहिल्या विद्यापीठ दोन्हीकडे फार्मसी आहे, आणि पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, तेव्हा फक्त नीटच्याच भरवशावर बसायची गरज नाही. तिला विचारा मात्र, फार्मसी म्हणजे मेडिकलचं दुकान एवढंच डोक्यात आहे का. तसं असेल तर एखाद्या बी.फार्मच्या मुलीशी तासभर बोलणं करून द्या, कॉलेजला सिनियर मुली आनंदाने सांगतात.

कोचिंगचा विचार सप्टेंबरच्या परीक्षेनंतर करा. तेव्हाही बॅच बघताना दोनच गोष्टी विचारा, एका बॅचमध्ये मुलं किती आणि डाउट कोण सोडवतं, सर की सरांचा कोणी विद्यार्थी. दोन-तीन डेमो क्लास करू द्या, आणि पूर्ण वर्षाची फी एकदम भरायचा आग्रह झाला तर हप्ते मागा.