बारावीनंतर मालिका-सिनेमात कॅमेरामन व्हायचंय, कर्ज काढून कॅमेरा घेऊ का?

नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की वाईत लग्नाच्या ऑर्डरी करता आणि घरचे चार-पाच लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. मी साताऱ्याचाच, मालिकांवर कॅमेरा ऑपरेट करतो. सेटवर ऑपरेटरला कुणी स्वतःचा कॅमेरा आणायला सांगत नाही. कॅमेरा, लेन्स भाड्यानं येतात आणि त्यांच्यासोबत अटेंडंटही येतो.

तुमची सुरुवात त्या अटेंडंटच्या जागेवरून व्हावी. मग फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस नटावर धरून ठेवणारा, मग ऑपरेटर. पेट्या उचलण्यात कमीपणा मानू नका. फोकस ओढता ओढता नट लेन्सपासून किती फुटांवर आहे हे नुसतं बघून कळायला लागतं, आणि पुढं कॅमेरा हातात आल्यावर तीच नजर कामाला येते.

लेन्स कोणती, प्रकाश कसा, हे डीओपी, म्हणजे मुख्य छायाचित्रकार ठरवतो. फ्रेम सांभाळायची ऑपरेटरनं, आणि त्यासाठी डोळ्यांइतकेच कान लागतात. नट कुठल्या शब्दावर उठणार हे माहीत असलं तर कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो. उठलेला दिसल्यावर टिल्ट केलात, म्हणजे कॅमेरा वर वळवलात, तर डोकं फ्रेमबाहेर गेलेलं असतं. म्हणून तालमीच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालू नका, दिग्दर्शक नटांशी बोलतोय तिथं जाऊन उभे राहा. माझ्याकडं नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात आधी सीनचा कागद देतो.

लग्नाचं काम हलकं समजू नका. शेवटची अक्षता पडली की रिटेक नाही, त्यामुळं पुढं काय होणार याचा अंदाज तुम्हाला आपोआप येत असणार. मालिकेत दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, तिथं हा अंदाज फार मोलाचा. एक सवय मात्र आत्ताच लावून घ्या. कार्यालयातल्या दिव्यांखाली शूटिंगमध्ये पट्टे सरकताना दिसतात ना? आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/60 सेकंदावर राहिलं की ते पकडलं जातं. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा.

आणि तुम्ही वाईत राहता! मेणवलीच्या घाटावर मुंबईची युनिटं येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं बसा, पायऱ्यांवर सावली कधी कुठं सरकते, कृष्णेच्या पाण्याची चमक कुठल्या वेळी डोळ्यांवर येते, ते वहीत लिहा. युनिट आलं की गावातल्या माणसामार्फत लोकेशन बघणाऱ्यांना भेटा, कॅमेरा डिपार्टमेंटला हाताखाली कुणी हवंय का विचारा.

पदवी सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा, सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याला पदवी लागते. तिथं प्रवेश मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी अटेंडंटचा रस्ता बंद होत नाही.

पैशांचं घरच्यांना स्पष्ट सांगा. शिफ्ट 12 तासांची असते, जाणं-येणं वेगळं. मालिकेचं मानधन बहुधा 90 दिवसांनी हातात येतं. मुंबईला जाताना चार महिन्यांचं खोलीभाडं आणि खाणं निघेल एवढी रक्कम जवळ हवी. ती लग्नाच्या सीझनमध्ये साठवता येईल, कर्जाची गरज नाही.